इंजिनाला पाजायचं काय?

घरात नवी गाडी घ्यायची ठरली की पूर्वी पहिला प्रश्न रंगाचा निघायचा. आता रंग मागे पडला. पेट्रोलची घ्यायची, सीएनजीची, की बॅटरीवाली, यावरच रात्रीची जेवणं लांबतात. मेव्हणे मोबाइल काढून किलोमीटरमागे किती पैसे पडतात याचा हिशेब मांडतात. शेजारचे काका म्हणतात, ‘डिझेलसारखी ताकद नाही हो कशात.’ कॉलेजला जाणारा मुलगा बॅटरीच्या बाजूनं असतो, आणि घरची बाई शांतपणे विचारते, ‘सिलिंडर डिकीत ठेवला तर सामान कुठं ठेवायचं?’ प्रश्न अगदी रास्त! मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काळात काळ्या-पिवळ्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, तेव्हापासून मुंबईकर बॅगा मांडीवर घेऊन प्रवास करत आलेच आहेत.

पण या साऱ्या चर्चेत काहीतरी राहून जातं, असं मला नेहमी वाटायचं. काय राहून जातं, ते नीट उमगलं काशीला, आणि तेही मणिकर्णिका घाटावर.

मणिकर्णिका म्हटलं की डोळ्यांपुढे चिता येतात. तिथं इंजिनाचा आणि इंधनाचा विचार कुणी करावा, असं वाचकांना वाटेल. पण खरं सांगते, इंधनाचा इतका रोखठोक व्यवहार मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. घाटाच्या पायऱ्यांवर आणि मागच्या गल्ल्यांत लाकडांच्या राशी घरांच्या उंचीला भिडतात. मोठाल्या तराजूंवर लाकूड तोललं जातं. एका चितेला साधारण तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं. कुठलं घ्यायचं, किती घ्यायचं, हे गेलेल्या माणसाचे नातेवाईक तिथंच उभ्या उभ्या, डोळे पुसत पुसत ठरवतात. हे लाकूड येतं नावांतून. काठोकाठ भरलेल्या, पाण्याला टेकायला आलेल्या नावा. त्या नावांना आता वल्ही पुरत नाहीत, इंजिनं लागतात. आणि इंजिन म्हटलं की माझे कान टवकारतात.

त्याला कारण आमचे अण्णा. माझे वडील मुंबई बंदरातल्या एका लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. तांडेल वर सुकाणू धरून वाऱ्यावर उभा, आणि अण्णा खाली, इंजिनाच्या खोलीत. वरून घंटा वाजली की गती कमी करायची, पुन्हा वाजली की वाढवायची. तीस वर्षं त्यांनी समुद्र पाहिला तो फळीच्या फटीतून. घरी आले की अंगाला डिझेलचा वास. साबणानं हात धुतले जायचे, वास जायचा नाही. आम्हा मुलांना तो वास म्हणजेच वडील. निवृत्तीनंतर चारेक वर्षांत त्यांना जिना चढवेना. डॉक्टरांनी विचारलं, ‘विडी किती ओढता?’ अण्णांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता.

मालक वाईट होता असं मी म्हणणार नाही. पगार वेळेवर द्यायचा, दिवाळीला मिठाईही पाठवायचा. पण धूर बाहेर काढणारा पाइप गळका होता तो वर्षानुवर्षं गळकाच राहिला. इंजिन चालत होतं ना, मग झालं!

अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी आईनं काशीची इच्छा बोलून दाखवली आणि मागच्या हिवाळ्यात मी तिला घेऊन गेले. काशीच्या घाटांवर मराठी माणसाला परकं वाटत नाही. मणिकर्णिकेच्या बांधकामाशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं, त्याला लागून शिंद्यांचा घाट, थोडं पुढे नागपूरकर भोसल्यांचा. शिंदे घाटाजवळचं ते कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ पाहून आई म्हणाली, ‘लाँच धक्क्याला लागताना अशीच कलायची बघ.’

आम्हाला घाट दाखवणारा नावाडी चाळिशीचा होता. त्याच्या घरच्या दोन नावा. एक सीएनजीवर चालणारी, यात्रेकरूंसाठी. दुसरी जुनी, डिझेलची. तिच्यावर त्याचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. सामान, क्वचित लाकूड, जे मिळेल ते वाहायचा. दोन्ही नावा शेजारी शेजारी बांधलेल्या. मी इंजिनाकडे वाकून पाहतेय हे बघून नावाड्याला नवल वाटलं. ‘दीदी, लोक इथं चितांचे फोटो काढतात, तुम्ही इंजिन काय बघता?’

आईनं परस्पर उत्तर दिलं, ‘हिचे वडील इंजिनावर होते.’ मग काय, गप्पांना खळ राहिला नाही.

जुन्या नावेवरचं इंजिन म्हणजे आपल्याकडे विहिरीवर बसतं तसलं, हँडल मारून सुरू करायचं. महाराष्ट्राला हे इंजिन नवं नाही. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली आणि शेतकऱ्याच्या मळ्यात डुगडुग ऐकू यायला लागली. शेतात पाणी उपसणारं असलं इंजिन नावेत ठेवलं, त्याला दांडा आणि पंखा जोडला की झाली मोटरबोट. यात हुशारी आहे, काटकसर आहे. पण विहिरीवर इंजिन सुरू करून शेतकरी बांधावर जाऊन बसतो. नावेत माणसाला जायला जागा कुठं? धुराड्यापासून चार फुटांवर त्याची बैठक.

काशीत हा बदल २०२१ साली जोरात सुरू झाला. गेल या सरकारी कंपनीच्या निधीतून डिझेलच्या नावा सीएनजीवर नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. लहान-मोठ्या मिळून सतराशेच्या आसपास नावा गंगेत चालतात, असा तेव्हाचा अंदाज होता. नावाड्याकडून पैसे न घेता यंत्रणा बसवून देण्याची योजना होती. मग हा आपला नावाडी दुसरी नाव डिझेलवर का ठेवून होता? मी त्याला तसं विचारलं. त्यानं दिलेली कारणं ऐकण्यासारखी होती, कारण आपण गाडी घेताना जे विसरतो ते त्यात होतं.

पहिलं कारण इंजिनाच्या जातीचं. अण्णा म्हणायचे, ‘इंजिन काय पितं ते आधी त्याला विचार, तुला काय परवडतं ते मग बघ.’ पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण साधारण दहापट दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीनं पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. तिथं नुसती हवा सोळा ते वीसपट दाबतात. ती इतकी तापते की नोझलमधून आलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो असा सहजासहजी आपोआप पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. म्हणून डिझेलचं इंजिन नुसता सिलिंडर जोडून गॅसवर चालत नाही. त्यात ठिणगीची सोय करावी लागते, नाहीतर इंजिनच बदलावं लागतं. नावाडी म्हणाला, ‘हे जुनं इंजिन बिघडलं तर मी हातोडी-पान्यानं उघडतो. गॅसवाल्याला मिस्त्री बोलवावा लागतो.’ त्याच्या दृष्टीनं हे कारण लहान नव्हतं. एक दिवस नाव बंद म्हणजे एक दिवस चूल थंड.

दुसरं कारण पंपाचं. नावांसाठी गॅस भरायची तरंगती केंद्रं काशीत दोन टोकांना. एक उत्तरेला नमो घाटाशी, दुसरं दक्षिणेला रविदास घाटाशी. मणिकर्णिका मधे. नमो घाट इथून दोन-अडीच किलोमीटर, रविदास घाट चारेक. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, म्हणजे नमो घाटाला जाताना प्रवाह साथ देतो आणि येताना अडवतो. डिझेलचा काय, कॅन उचलला आणि ओतला! रस्त्यावरच्या गाडीलाही हेच लागू. आपल्या गावापासून सीएनजीचा पंप किती लांब, रांग किती, चार्जिंगची सोय बिल्डिंगच्या सोसायटीत आहे की नाही, हे न बघता काढलेला किलोमीटरचा हिशेब कागदावरच बरा.

तिसरी गोष्ट गळतीची. ही मीच काढली, कारण अण्णांचा हा आवडता विषय. नावेचा तळ म्हणजे बंद वाटी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि एका काडीची वाट बघते. घरातला एलपीजीही हवेपेक्षा जडच. म्हणून तर स्वयंपाकघरात वास आला की खिडकीबरोबर दारही उघडायला सांगतात. सीएनजी हवेपेक्षा हलका. उघड्या नावेत गळला तर वर निघून जातो. नावाड्यानं हे कुणाकडून ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, ‘मला तर वाटायचं, गॅस म्हणजे बॉम्बच.’ भीती अगदीच खोटी नाही. सिलिंडरमधला दाब सुमारे दोनशे बार, म्हणजे गाडीच्या टायरात असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. म्हणूनच सीएनजीचा सिलिंडर दर तीन वर्षांनी तपासून घ्यावा लागतो. गाडीवाल्या वाचकांनी आपल्या सिलिंडरवरची तारीख एकदा बघावीच.

चौथी गोष्ट शुद्धतेची. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो कशासाठी? ते डिझेलमध्ये मिसळलं तर ओळखू यावं म्हणून. स्वस्त रॉकेल महाग इंधनात ओतण्याचा धंदा याच उत्तर प्रदेशात एका तरुणाच्या जिवावर उठला. इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या एका पंपावरची भेसळ पकडली, आणि १९ नोव्हेंबर २००५ रोजी गोळ्या घालून त्यांचा खून झाला. सत्तावीस वर्षांचा मुलगा! पंपावर घनता तपासून मागायला आपल्याला संकोच वाटतो, तेव्हा मला त्यांची आठवण होते. पेट्रोलचा थेंब गाळणकागदावर टाकून बघायचा आपल्याला हक्क आहे. थेंब उडून गेल्यावर डाग राहायला नको. पाइपमधल्या गॅसमध्ये रॉकेल ओतता येत नाही, एवढा सीएनजीचा फायदा नावाड्यालाही मान्य होता.

बॅटरीचं काय, असं मी विचारलं. १ मे २०१६ रोजी अस्सी घाटावर पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते नावाड्यांना ई-बोटी दिल्या गेल्या होत्या, ते त्याला आठवत होतं. ‘आवाज नाही, धूर नाही. पण चढत्या प्रवाहात बॅटरी संपली तर वल्हं मारणार कोण?’ त्याचा सवाल. आता तर काशीत हायड्रोजनची बोटही आली आहे. कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या या बोटीला २०२४ च्या फेब्रुवारीत हिरवा झेंडा दाखवला गेला आणि २०२५ च्या डिसेंबरात नमो घाटावरून ती प्रवाशांसाठी सुरू झाली. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करायची, आणि मागे उरतं ते पाणी. ऐकायला जादूच. पण एका नावेच्या मालकानं हायड्रोजन आणायचा कुठून? त्याला आज संध्याकाळी काय भरायचं ते ठरवायचं असतं.

मुलूख बदलला की इंधनाचं गणितही बदलतं. गुलमर्गच्या बर्फावर पर्यटकांना फिरवणारी मोटर-स्कूटर घ्या. तिच्यातली बरीच इंजिनं टू-स्ट्रोक. त्यांना ठरल्या ऑक्टेनचं पेट्रोल तर लागतंच, शिवाय वंगणाचं तेलही त्या पेट्रोलबरोबरच जळतं. तेल कमी पडलं की इंजिन जाम. लडाखमध्ये हिवाळ्यात साधं डिझेल टाकीतच गोठायचं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. आणि आपल्या रोजच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं आणि इंजिन आचके देतं. म्हणून पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या स्कूटरच्या टाकीचं झाकण आणि रबरी नळ्या तपासायला हव्यात. याउलट शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल साध्या स्कूटरला पाजून काही साधत नाही. ते ज्या इंजिनासाठी बनलं त्यालाच त्याचा उपयोग.

हे सगळं झालं, तरी मुख्य गोष्ट शिल्लकच होती. ती आईनं काढली. डिझेलच्या नावेवरचा तो मुलगा हँडल मारत होता. थंडीत इंजिन लवकर पेट घेत नव्हतं. तिसऱ्या झटक्याला काळा धूर भक्कन आला आणि पोरगा तोंड फिरवून खोकला. त्या खोकल्यानं आई एकदम ताठ बसली. आमच्या घरी तो आवाज ओळखीचा.

‘भैया, त्याला डॉक्टरला दाखवलंत?’ आईनं आपल्या मराठी-हिंदीत विचारलं.

नावाड्यानं काठाकडे बोट केलं. चितांचा धूर वर चढत होता, राखेचे कण पाण्यावर येऊन बसत होते. ‘माताजी, इतक्या धुरात आमच्या इंजिनाचा धूर कोण बघतो?’

त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. खरंच, मोठ्या धुराच्या आडोशाला आपला लहान धूर लपून जातो. मुंबईत आपण म्हणतो, एवढे ट्रक धूर सोडतात, माझ्या एका गाडीनं काय होणार? कारखानदार म्हणतो, रस्त्यावरची धूळ बघा की. पण चितेचा धूर उंच जातो आणि वाऱ्यावर पांगतो. इंजिनाचा धूर चार फुटांवरून थेट एका माणसाच्या नाकात जातो, तोही रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केला. अण्णांच्या फुप्फुसांना कर्करोग नव्हता, पण त्यांची उमेद त्याच धुरानं खाल्ली असं आमच्या घरात सगळे मानतात.

मी नावाड्याला अण्णांची सारी हकिगत सांगितली. गळका पाइप, जिना, डॉक्टरांचा तो विडीचा प्रश्न. उपदेश केला नाही. ज्याच्या घरची चूल त्या नावेवर आहे त्याला दोन दिवसांच्या पाहुणीनं काय शिकवायचं? तो गप्प बसून ऐकत होता. सीएनजीच्या इंजिनाचा आवाज कमी, म्हणून मला ओरडून बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटावर गेलो तर यात्रेकरूंच्या नावेवर मुलगा बसला होता आणि बाप डिझेलच्या नावेवर हँडल मारत होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, ‘दीदी, दुसरी नाव गॅसवर नेईपर्यंत ही माझ्याकडे. माझे दिवस झाले, त्याचे व्हायचेत.’ दुसरी नाव कधी बदलणार, पैसा आणि मिस्त्री कसा जमवणार, हे त्यालाही पक्कं ठाऊक नव्हतं. पण निवड कुठून सुरू करायची, ते त्यानं एका रात्रीत ठरवलं होतं.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘ह्यांनाही कुणीतरी असं वर बोलवायला हवं होतं.’

वाचकहो, गाडी घेताना हिशेब जरूर करा. पैसा कुणाला वर आलेला नाही. पण हिशेबाची सुरुवात दरापासून करू नका. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचा, टाकीच्या झाकणाजवळची चिठ्ठी वाचा. आपल्या इंजिनाला काय चालतं ते तिथं लिहिलेलं असतं. चुकून पंपावर भलतंच इंधन भरलं गेलं, तर किल्ली फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. भरायची सोय घरापासून किती लांब आहे, तपासणीची तारीख कधीची आहे, इंधन गळलं तर साचणार कुठं, हे विचारा.

आणि एक प्रश्न पुस्तिकेत छापलेला नसतो, तो आपणच विचारायचा. या इंजिनाच्या सगळ्यात जवळ रोज कोण बसणार? घरातला ड्रायव्हर, रिक्षावाला, जनरेटरच्या खोलीतला वॉचमन, शाळेच्या बसच्या मागच्या बाकावरची पोरं... त्याच्या किंवा तिच्या छातीला जे सोसेल, तेच त्या इंजिनाचं योग्य इंधन. दराचं नंतर बघता येतं.